‘नूतन पत्राचा आक्षेप’ : रोहिणखेड, घराचे मोल आणि विमा

बुलढाणा जिल्ह्याच्या मोताळा तालुक्यात, घाटावरचा पठारी प्रदेश उतरून पूर्णेच्या खोऱ्याकडे येणाऱ्या वाटेच्या पायथ्याशी रोहिणखेड हे गाव आहे. इतिहासाच्या वाचकाला ते दोन लढायांमुळे आणि एका मशिदीमुळे ठाऊक असते. इ. स. १४३७ मध्ये बहामनी सुलतान दुसरा अल्लाउद्दीन अहमद याचा सरदार खलफ हसन बसरी याने खानदेशच्या नसीरखान फारुकीचा येथे पराभव केला आणि बऱ्हाणपूरपर्यंत पाठलाग करून ते शहर लुटले. त्यानंतर सुमारे दीडशे वर्षांनी, १५९०-९१ च्या सुमारास, अहमदनगरच्या गादीसाठी झगडणाऱ्या बुऱ्हाण निजामशहाने खानदेशच्या राजा अलीखानाच्या साहाय्याने जमालखान महदवीला याच गावापाशी गाठले. जमालखान लढाईत पडला. मशीद या दोन प्रसंगांच्या दरम्यानची आहे. खुदावंदखान महदवीने ती १५८२ मध्ये बांधली.

ही मशीद आज उभी आहे आणि संरक्षित स्मारक म्हणून तिची नोंद आहे. तिच्या आसपास १५८२ साली जी घरे होती त्यांपैकी मात्र एकही उरले नाही, आणि त्यात नवल काही नाही. मातीच्या भिंती, धाब्याचे किंवा गवताचे छप्पर, तुराट्या-पऱ्हाट्यांचे कूड अशी वऱ्हाडातील सामान्य घराची बांधणी. असे घर दर पावसाळ्यानंतर थोडे आणि पिढीगणिक पुष्कळसे नव्याने बांधावे लागते. सैन्य गावावरून गेले की ते एका दिवसात नाहीसे होई. तवारिखांत सरदारांची नावे येतात, हाती लागलेल्या हत्तींची मोजदाद येते. पायथ्याच्या गावात किती घरे जळाली आणि ती पुन्हा कोणाच्या खर्चाने उभी राहिली, याविषयी त्या मुक्या आहेत. घराचे मोल ही इतिहासकाराने नोंदण्याजोगी गोष्ट आहे, असे त्या काळी कोणाला वाटले नाही.

प्रस्तुत लेखात हाच प्रश्न विचारात घेतला आहे. घर नष्ट झाले असता त्याची भरपाई करण्याची जबाबदारी निरनिराळ्या काळी कोणावर होती. त्या भरपाईसाठी घराची किंमत ठरविली जात असे काय. आणि एकदा ठरविलेली किंमत पुन्हा तपासण्याची काही रीत होती काय? आजच्या भाषेत बोलावयाचे तर हा घराच्या विम्याचा, त्याच्या नूतनीकरणाचा आणि विम्याची रक्कम पुरेशी आहे की नाही याचा प्रश्न आहे. तो हिशेबनिसाचा विषय समजला जातो. परंतु त्याची मुळे बरीच जुनी आहेत, आणि ती दख्खनच्या कागदपत्रांत सापडतात.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. विमा ही कल्पना इंग्रजांबरोबर या देशात आली, असे सामान्यतः समजले जाते. ते खरे नाही. ‘विमा’ हा शब्द फारसी ‘बीमा’पासून आपल्याकडे आला, ‘बीम’ म्हणजे भय, या शब्दाशी त्याचा संबंध जोडला जातो. औरंगजेबाच्या काळात, १६९५ च्या सुमारास, सुजानराय भंडारी याने ‘खुलासतुत्तवारीख’ या ग्रंथात हिंदुस्थानातील व्यापाऱ्यांच्या प्रामाणिकपणाचे वर्णन करताना हुंडीबरोबर विम्याचाही उल्लेख केला आहे. सराफ ठरावीक मोबदला घेऊन व्यापाऱ्याचा माल वाटेतील धोक्यासह आपल्या अंगावर घेत आणि नियोजित स्थळी तो पोहोचवून देत. सतराव्या शतकातील इंग्रज वखारींच्या पत्रव्यवहारातही अशा विमा उतरविलेल्या मालाचे उल्लेख येतात. ‘जोखमी हुंडी’ हा आणखी एक प्रकार. माल सुखरूप पोहोचला तरच तिची रक्कम द्यावयाची. वाटेत बुडाला किंवा लुटला गेला तर हुंडी घेणाऱ्याचे पैसे गेले. म्हणजे हुंडी आणि विमा एकाच कागदात सामावलेले असत.

बऱ्हाणपूर हे त्या व्यापाराचे मोठे नाके होते. सुरतेहून आग्र्यास जाणारा मार्ग तेथून जाई, आणि दक्षिणेकडून घाट उतरून बऱ्हाणपुराकडे जाणाऱ्या वाटांपैकी एक रोहिणखेडवरून होती. दोन सैन्ये दीडशे वर्षांच्या अंतराने याच एका ठिकाणी एकमेकांना भिडली, यावरूनच त्या वाटेचे महत्त्व लक्षात येते. कापड, नीळ, रोकड असा माल ज्या काळात विम्याच्या संरक्षणाखाली मजल-दरमजल जात होता, त्याच काळात वाटेवरच्या गावांतील घरांना मात्र असे कोणतेच संरक्षण नव्हते. याचे कारण शोधण्यास फार दूर जावे लागत नाही. मालाची किंमत बीजकात लिहिलेली असते. तो बाजारात विकावयाचा असतो. घर विकावयाचे नसते, म्हणून त्याची किंमत कोणी लिहून ठेवीत नाही. जी किंमत लिहिलेलीच नाही, तिची हमी देणार कोण आणि किती? विम्याचा आरंभ चालत्या मालापासून झाला, तो स्थावर घरापर्यंत फार उशिरा पोहोचला, याचे मर्म या साध्या गोष्टीत आहे.

घराला कोणाचाच आधार नव्हता, असे मात्र म्हणता येणार नाही. मराठी मुलुखातील गावगाड्यात चोरीच्या भरपाईची एक कडक पद्धत होती. गावात चोरी झाली तर तिचा तपास लावण्याची जबाबदारी गावच्या रखवालदारावर असे. चोरांचा माग काढीत त्याने शिवेपर्यंत जावयाचे. माग शेजारच्या गावाच्या हद्दीत शिरला की जबाबदारी त्या गावाकडे जाई. माग हरवला तर, ज्याच्या हद्दीत तो हरवला त्याने माल भरून द्यावयाचा. पेशवाई बुडाल्यानंतर माउंट स्टुअर्ट एल्फिन्स्टनने १८१९ मध्ये जिंकलेल्या प्रदेशाविषयी जो अहवाल लिहिला, त्यात या पद्धतीचे सविस्तर वर्णन आहे. ही जबाबदारी खानदेशात भिल्लांवर, पुणे प्रांतात रामोशांवर आणि इतरत्र पुष्कळ ठिकाणी महारांवर होती.

या पद्धतीची स्तुती करणारे लेखक आपल्याकडे पुष्कळ झाले. तिच्यात एक प्रकारचा सामुदायिक विमा होता, हे मान्य केले तरी हप्ता कोण भरीत होते ते पाहिले पाहिजे. वाणी-सावकाराच्या घरची चोरी भरून देण्याचे दायित्व ज्यांच्यावर होते, त्यांच्या स्वतःच्या घरात चोरण्याजोगे काही नव्हते. गावातील सर्वांत दरिद्री माणसाने सर्वांत श्रीमंत माणसाच्या मालाचा जामीन राहावयाचे, अशी ती व्यवस्था होती. रखवालदार भरून देण्यास असमर्थ ठरे तेव्हाच तो भार गावावर जाई, आणि तेव्हाही पूर्ण रक्कम हाती येईल याची शाश्वती नसे. भरपाई पुरेशी आहे किंवा नाही हे मालाच्या किमतीवर अवलंबून नव्हते. देणाऱ्याच्या ऐपतीवर होते.

शिवाय ही सर्व व्यवस्था चोरीपुरती होती. आग लागली, पुराने भिंत खचली, लष्कराने गाव जाळले, तर तिचा उपयोग नव्हता. अशा वेळी शेजाऱ्यांनी लाकूडफाटा, गवत आणि अंगमेहनत द्यावी, ही रीत होती. गावच्या गाव उजाड झाले तर सरकार कौल देई. पळालेल्या रयतेने परत येऊन वस्ती करावी म्हणून पहिल्या वर्षी नाममात्र सारा, पुढे दरसाल थोडा थोडा चढवीत काही वर्षांनी पूर्ण आकार, या रीतीला ‘इस्तावा’ म्हणत. इस्ताव्यात जमिनीचा विचार आहे, बैलांचा आणि बियाण्याचाही कधीकधी आहे. घराचा नाही. रयत आली म्हणजे तिचे घर ती बांधीलच, असे सरकारचे गृहीत असे.

आता ज्या वाक्प्रचारावरून या लेखाचे नाव घेतले आहे त्याकडे वळू. मराठेशाहीतील इनामपत्रांच्या अखेरीस एक ठरावीक मजकूर येतो. कागदपत्रे चाळणाऱ्या प्रत्येकाला तो पाठ झालेला असतो. दरवर्षी नव्या पत्राचा आक्षेप करू नये, या पत्राची नक्कल लिहून घेऊन अस्सल पत्र भोगवट्यासाठी इनामदाराकडे परत द्यावे, असा त्याचा आशय. ही सूचना गावच्या मोकदमाला किंवा परगण्याच्या देशमुख-देशपांड्यांना असे. तिच्यावरून उलट अनुमान निघते ते असे की, अधिकारी दरसाल नवे पत्र मागत असत. नवा कारभारी आला, नवे साल सुरू झाले, की ‘ताजी सनद दाखवा’ हा तगादा लागे, आणि प्रत्येक तगाद्यामागे नजराणा असे. तो टाळण्यासाठी इनामपत्रातच नूतनीकरणाची माफी लिहून घेतली जाई.

इनामजमिनीच्या बाबतीत ही माफी योग्य होती. बिघे तितकेच राहतात. शिवेचे दगड हलले नाहीत तर पन्नास वर्षांपूर्वीचे पत्र आजही तेवढ्याच जमिनीचे वर्णन करते. घराचे तसे नाही. घर झिजते, वाढते, त्याचे साहित्य महाग होते. त्यामुळे घराच्या संरक्षणाचा कागद जर इनामपत्राच्या वळणाने चालला, एकदा लिहिला आणि पुन्हा उघडून पाहिला नाही, तर तो कालांतराने भलत्याच घराचे वर्णन करू लागतो. आपल्या समाजाने कागद जपण्याचे शिक्षण इनामपत्रांपासून घेतले. म्हणून कागद पेटीत आहे, म्हणजे हक्क शाबूत आहे, ही समजूत आपल्यात खोल रुजली आहे. विम्याचा कागद नेमका याच्या विरुद्ध स्वभावाचा आहे. त्याची मुदत संपली की तो रद्दी होतो, आणि मुदतीत असला तरी त्यावरील आकडा जुना झालेला असू शकतो.

घराची किंमत लिहून तिच्या प्रमाणात हप्ता घेण्याची पद्धत युरोपात सतराव्या शतकात उदयास आली. लंडनमध्ये १६६६ साली मोठी आग लागली. तीत शहराचा बराच भाग भस्मसात झाला. त्यानंतर निकोलस बार्बन या गृहस्थाने १६८०-८१ च्या सुमारास घरांच्या आगीचा विमा उतरविणारी कचेरी काढली. विटांच्या घराला वार्षिक भाड्याच्या अडीच टक्के आणि लाकडी घराला पाच टक्के, असा तिचा दर होता. हॅम्बुर्गमध्ये १६७६ सालीच नगराच्या आश्रयाने अशी निधिसंस्था स्थापन झाली होती. बार्बनच्या दरात दोन गोष्टी प्रथमच एकत्र आल्या: घराची बांधणी कशाची आहे आणि ते किती मोलाचे आहे. या दोन प्रश्नांवर घराचा विमा आजही उभा आहे.

मुंबईच्या कोटात १७ फेब्रुवारी १८०३ रोजी अशीच मोठी आग लागली आणि वस्तीचा सुमारे तिसरा हिस्सा जळाला. आगीनंतर कोटाबाहेर नवी वस्ती वाढली, रस्ते रुंद झाले. लंडनप्रमाणे विम्याची लोकप्रिय कचेरी मात्र तिच्यातून जन्मास आली नाही. हिंदुस्थानात सर्वसाधारण विम्याची पहिली कंपनी ‘ट्रायटन’ ही १८५० साली कलकत्त्यास निघाली, तीही इंग्रजांच्या मालकीची. भारतीयांनी काढलेली ‘इंडियन मर्कंटाइल’ १९०७ मध्ये मुंबईस सुरू झाली, आणि सर दोराबजी टाटा यांनी १९१९ मध्ये ‘न्यू इंडिया’ कंपनी स्थापन केली. या कंपन्यांचे गिऱ्हाईक प्रामुख्याने जहाज, गोदाम, गिरणी हे होते.

वऱ्हाडातही हेच झाले. १८५३ मध्ये वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आले. पुढील दशकात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाला भाव चढला, लोहमार्ग मलकापुरावरून पुढे १८६७ मध्ये नागपूरपर्यंत पोहोचला, आणि खामगावची कापूसपेठ नावारूपास आली. कापसाचे गठ्ठे, सरकी काढण्याचे आणि दाबण्याचे कारखाने हे आगीचे भक्ष्य. पेढ्यांचे कर्ज त्यांवर असे, म्हणून विमा उतरविणे भाग पडे. रोहिणखेडच्या शेतकऱ्याचा कापूस त्याच्या घरात होता तोवर तो आणि घर दोन्ही उघड्यावर. तोच कापूस व्यापाऱ्याच्या गोदामात गेला की कोण्या दूरच्या कंपनीच्या छत्राखाली येई. बऱ्हाणपूरच्या वाटेवर सतराव्या शतकात जे दृश्य होते, त्याचीच ही लोहमार्गाच्या काळातील आवृत्ती म्हणावी लागेल.

विसाव्या शतकातील काही दुर्घटनांनी आणखी एक गोष्ट उघड केली. विमा असणे आणि तो प्रत्यक्ष संकटास लागू पडणे या दोन गोष्टी भिन्न आहेत. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टायकीन’ या जहाजाला आग लागून त्यावरील दारूगोळ्याचा स्फोट झाला आणि गोदीच्या आसपासचा मोठा भाग उद्ध्वस्त झाला. आगीच्या नेहमीच्या करारात युद्धसामग्रीच्या स्फोटाचा समावेश नसे. तेव्हा अखेर सरकारला भरपाईचा भार उचलावा लागला. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटून पुण्याच्या नदीकाठच्या पेठा वाहून गेल्या. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगरला भूकंप झाला. त्या काळच्या अग्निविम्यात आग आणि वीज यांचा अंतर्भाव असे, पूर व भूकंप यांसाठी जादा दर भरून जोड घ्यावी लागे, आणि ती बहुतेकांनी घेतलेली नसे. आगीचा विमा काढणाऱ्याच्या मनात आगीचेच भय होते. संकट दुसऱ्याच दाराने आले.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. त्यात सुमारे आठ हजार माणसे दगावली. रोहिणखेडच्या वाचकाने या घटनेकडे विशेष लक्ष द्यावे, कारण तेथे जी घरे माणसांच्या अंगावर कोसळली ती मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींची आणि वर मातीचे जड माळवद असलेली होती. घाटावरच्या जुन्या गावांत अशाच बांधणीची घरे आहेत. बावन्न गावांचे स्थलांतर करून सरकारने जागतिक बँकेच्या साहाय्याने पुनर्वसन घडवून आणले. तेथे घराच्या विम्याचा प्रश्न जवळजवळ उद्भवलाच नाही. विमा उतरविलेली घरे नव्हतीच. कौल आणि इस्तावा यांचीच ती आधुनिक परंपरा होती, फक्त या वेळी तिच्यात प्रथमच घराचाही विचार झाला.

ही परंपरा आजही चालू आहे. जुलै २०२३ मध्ये बुलढाणा जिल्ह्याच्या संग्रामपूर व जळगाव जामोद तालुक्यांत अतिवृष्टी झाली तेव्हा तलाठ्याने पंचनामा करावयाचा, तहसिलातून मदत यावयाची, हाच क्रम होता. २०२२ ते २०२६ या मुदतीसाठी केंद्राने ठरविलेल्या आपत्तिनिधीच्या निकषांनुसार मैदानी प्रदेशातील पूर्ण पडलेल्या घरास १,२०,००० रुपये मिळू शकत होते. घर दोन खोल्यांचे असो वा दुमजली, आकडा तोच. ही मदत आहे, भरपाई नव्हे. तिचा उद्देश माणसाला उभे करणे हा आहे, घराची किंमत फेडणे हा नाही. हा फरक ध्यानात न घेतल्यामुळे पंचनाम्याच्या आशेवर राहणारी कुटुंबे पुष्कळ दिसतात. ग्रामीण भागात विमा म्हणजे पीकविमा, असे समीकरण होऊन बसले आहे. घराचा विमा तेथे बँकेच्या गृहकर्जाच्या शेपटीला बांधूनच येतो, आणि कर्ज फिटले की त्याची कोणाला आठवण राहत नाही.

कायद्याच्या दृष्टीने नूतनीकरणाचे स्वरूप समजून घेण्यासारखे आहे. १९३८ च्या विमा अधिनियमात १९६८ च्या दुरुस्तीने ६४ व्हीबी हे कलम घालण्यात आले. हप्ता आगाऊ हाती आल्याखेरीज विमा कंपनीने जोखीम स्वीकारू नये, असा त्याचा आशय. म्हणजे मुदत ज्या मध्यरात्री संपते, तिच्यानंतर दोन दिवसांनी हप्ता भरला तर मधल्या दोन दिवसांत लागलेल्या आगीबद्दल काही मिळत नाही. आयुर्विम्यात सवलतीचे दिवस असतात. तीच सवलत घराच्या विम्यालाही असेल, अशी समजूत करून घेणे धोक्याचे आहे. घराच्या विम्याचे प्रत्येक नूतनीकरण हा वस्तुतः एक नवा करार असतो. इनामदाराला ज्याची माफी हवी असे, तो ‘नूतन पत्राचा आक्षेप’ येथे घरधन्याने स्वतःच स्वतःला घालावयाचा आहे.

रकमेच्या पुरेपणाचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा आहे. १९७२ च्या अधिनियमाने सर्वसाधारण विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले आणि १ जानेवारी १९७३ पासून चार सरकारी कंपन्या काम पाहू लागल्या. पुढे १९९९ च्या कायद्याने हे क्षेत्र पुन्हा खाजगी कंपन्यांना खुले झाले. या सर्व काळात मालमत्तेच्या विम्यात ‘सरासरीचे कलम’ लागू होते. ते उदाहरणानेच स्पष्ट होईल. समजा, रोहिणखेडात एकाचे साठ चौरस मीटर चटईक्षेत्राचे पक्के घर आहे. विमा उतरविला त्या वर्षी बांधकामाचा खर्च चौरस मीटरला १५,००० रुपये होता, म्हणून विम्याची रक्कम ९ लाख धरली. काही वर्षांनी हाच खर्च २४,००० रुपये झाला. घर पुन्हा बांधण्यास आता १४ लाख ४० हजार लागतील. मालकाने दरसाल हप्ता नेमाने भरला, परंतु आकडा तोच ठेवला. अशा वेळी आगीत ४ लाखांचे नुकसान झाले, तर नऊ लाख हे १४ लाख ४० हजारांशी ज्या प्रमाणात आहेत त्याच प्रमाणात, म्हणजे अडीच लाख रुपये, त्याच्या हाती पडतील. उरलेल्या दीड लाखापुरता तो स्वतःच स्वतःचा विमेदार होता, असा या कलमाचा तर्क आहे. तर्क निर्दोष आहे; परंतु ज्याने एकही हप्ता चुकविला नाही त्याला तो समजावून सांगणे कठीण जाते.

१ एप्रिल २०२१ पासून विमा नियामक प्राधिकरणाने सर्व सर्वसाधारण विमा कंपन्यांना ‘भारत गृह रक्षा’ या नावाचा एकसारखा करार देणे बंधनकारक केले, आणि त्यात घराच्या बाबतीत सरासरीचे कलम माफ केले. वरील उदाहरणातील मालकास या करारानुसार पूर्ण चार लाख मिळू शकतील. आग, वीज, भूकंप, वादळ, पूर, दरड कोसळणे, दंगल ही सर्व संकटे एकाच करारात आली. १९६१ आणि १९६७ चा धडा येथे उशिरा का होईना गिरविलेला दिसतो. घराची किंमत चटईक्षेत्र गुणिले बांधकामाचा चालू दर या रीतीने काढावयाची असते. जमिनीचा भाव तीत येत नाही, कारण जमीन जळत नाही. घराचा विमा उतरविला की घरातील सामानाला घराच्या रकमेच्या वीस टक्क्यांपर्यंत, परंतु दहा लाखांपलीकडे नाही, असे संरक्षण आपोआप मिळते. एकाहून अधिक वर्षांचा करार असल्यास घराची रक्कम दर वर्षपूर्तीस दहा टक्क्यांनी वाढते. ही वाढ मूळ रकमेच्या शंभर टक्क्यांपुढे जात नाही. दरसाल चढत जाणारा हा आकडा पाहून प्रस्तुत लेखकाला इस्ताव्याची आठवण झाल्यावाचून राहिली नाही, जरी तेथे चढत होते ते देणे आणि येथे चढते ते येणे.

तथापि सरासरीच्या कलमाची माफी म्हणजे रक्कम पुरेशी असण्याची हमी नव्हे. त्याच मालकाचे घर सर्वच्या सर्व पडले, तर त्याला नऊ लाखच मिळतील आणि ५ लाख ४० हजारांची तूट त्याच्या पदरी येईल. शिवाय आपोआप होणारी वाढ ही दराच्या वाढीपुरती आहे. मधल्या काळात कवेलूंच्या जागी स्लॅब पडला, वर एक खोली चढली, तर ती त्या आकड्यात नसते. ती कंपनीला कळवून नव्याने मोजून घ्यावी लागते. बँकेने उतरविलेल्या विम्यात रक्कम पुष्कळदा शिल्लक कर्जाइतकीच असते. कर्ज पाच लाख राहिले असेल, पण घर तर चौदा लाखांचे आहे. अशा विम्याने बँक सुरक्षित राहते. घरधन्याची स्थिती फारशी पालटत नाही.

आणखी एक उलटापालट नोंदण्यासारखी आहे. जुन्या गावगाड्यात चोरीची भरपाई होती, आगीची नव्हती. आजच्या या करारात आगीची आहे. चोरीची मात्र एका मर्यादेतच आहे. आग, पूर इत्यादी संकट ओढवल्यानंतर सात दिवसांच्या आत त्या घरातून चोरी झाली तरच ती भरून मिळते. एरवी कुलूप फोडून झालेल्या घरफोडीसाठी निराळा विमा घ्यावा लागतो, आणि दागिने व मौल्यवान वस्तूंसाठी मूळ करारात वेगळी जोड घ्यावी लागते. लग्नकार्याच्या निमित्ताने घरात सोने येते, त्या वर्षीचा करार मात्र मागच्या वर्षीच्या आकड्यांवरच नूतन केला जातो, हे नेहमीचे आहे. जागल्याच्या जबाबदारीची आठवण समाजातून गेली, परंतु चोरीचे कोणीतरी पाहील ही समजूत गेली नाही, असे म्हणावेसे वाटते.

इनामपत्राच्या त्या अखेरच्या मजकुराचा दुसरा भाग राहिला. नक्कल दप्तरात लिहून घ्यावी आणि अस्सल पत्र धन्याला परत द्यावे, असे त्यात सांगितलेले असे. इनामदाराच्या वाड्याला आग लागून अस्सल जळाले, तरी परगण्याच्या किंवा सरकारच्या दप्तरातील नकलेवरून हक्क शाबीत करता येई. पुण्याच्या पेशवे दप्तरात अशा नकलांचे ढीग आजही आहेत. विम्याचा करार आता इलेक्ट्रॉनिक स्वरूपात मिळतो, तेव्हा त्याची नक्कल कंपनीकडे राहतेच. जी राहत नाही ती घरातील सामानाची यादी, खरेदीच्या पावत्या, बांधकामाचा नकाशा आणि ग्रामपंचायतीचा नमुना आठचा उतारा. नुकसान ठरविण्यास सर्वेक्षक येतो तेव्हा तो याच कागदांची मागणी करतो, आणि बहुतेक घरांत ते त्याच लाकडी कपाटात असतात जे प्रथम जळते. नूतनीकरणाच्या दिवशी त्यांची एक प्रत शेजारच्या गावी, लेकीच्या किंवा भावाच्या घरी ठेवून द्यावयास खर्च जवळजवळ काहीच येत नाही.